आत कोण उभं राहणार

उतरवणीच्या दिवशी कुणी उशिरा यायचं नाही असा या घराचा दंडक, आणि मधली उशिरा आली नाही. सव्वानऊ म्हणजे सव्वानऊ. ज्या वाचनालयात नवा जिना बसवला होता, त्याच्या फाटकाशी टॅक्सी थांबली. मधली उतरली, तिनं डिकीतून दोन पिशव्या काढल्या, खांद्याला अडकवल्या. मग पलीकडचं दार उघडलं आणि एक बाई उतरली. सावकाश. आधी एक पाय, मग मांडीवर हात दाबून दुसरा. जन्मभर गुडघ्यांवर बसून काम केलेलं माणूस असंच उतरतं.

"आणलीच," थोरला दात आवळून म्हणाला.

"आणणार म्हणून आठ दिवस सांगत होती की," वहिनी म्हणाली.

"सांगणं वेगळं, आणणं वेगळं."

"तुमच्या लेखी असेल."

थोरल्यानं मान वळवून बायकोकडे पाहिलं. बावीस वर्षांत वहिनीनं त्याला असली उत्तरं हजारदा दिली होती, पण सगळी मनातल्या मनात. हे एक कसं कोण जाणे तोंडातून निसटलं, आणि निसटल्याचं तिला काडीचंही वाईट वाटलं नाही.

तीन पिढ्या हे घर जिने बनवत आलं होतं. फक्त लाकडी जिने. टेबल नाही, खुर्ची नाही, दारं-खिडक्या नाहीत. खुर्ची मोडली तर एक माणूस पडतो, जिना चुकला तर पिढ्या पडतात, असं सासरे सांगायचे. म्हणून जिना पुरा झाला की मालकाच्या ताब्यात देण्याआधी उतरवणी व्हायची. घरातलं एक माणूस वर जायचं आणि डोळे मिटून, कठड्याला हात न लावता, खाली यायचं. पायऱ्या एकसारख्या असल्या तर पाय पहिल्या दोन पायऱ्यांत उंची पाठ करतो आणि पुढं आपला आपण चालतो. एखादी सुतभर जरी चुकली तरी तो अडखळतो. डोळ्यांना गंडवता येतं, पायाला नाही. ज्यानं जिना बनवला त्यानं मात्र उतरायचं नाही, कारण बनवणाऱ्याचा पाय आपल्या जिन्याची चूक पोटात घालतो. त्यामुळे एकोणीस वर्षं आई उतरत होती. आई आता बहात्तर वर्षांची होती आणि अजून एकाही जिन्यानं तिला पाडलं नव्हतं.

आणि उतरवणीला आत फक्त घरची माणसं. चूक निघाली तर ती चार भिंतींत राहावी, एवढंच त्यामागचं कारण. पण कारण कितीही साधं असलं तरी नियमाला एकदा धार लागली की ती माणसांवरच चालते. वहिनी लग्न करून आली तेव्हा पहिल्या उतरवणीला थोरल्यानं तिला दाराशी अडवलं होतं. 'अजून नाही.' किती दिवस नाही, ते कुणी सांगितलं नाही. तीन वर्षं ती प्रत्येक नव्या इमारतीबाहेर वाळूच्या ढिगाजवळ उभी राहिली. मग मुलगी झाली, आणि पुढच्या वेळी सासरे म्हणाले, 'ये आत.' त्या तीन वर्षांतही सगळ्या कठड्यांना पॉलिश तीच करत होती. तिच्या हातानं तुळतुळीत झालेले कठडे आत, आणि ती बाहेर. यात काही विचित्र आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. तिलाही नाही. त्याचीच तिला आता चीड येत होती.

मधली ही थोरल्याच्या पाठची, बेचाळिशीची. घरातलं सगळं गणित तिच्या डोक्यात. तिच्याबद्दल घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं. याला आपल्याकडे समजूतदारपणा म्हणतात. सहा वर्षं एक नर्स या घरात येत-जात होती. सुट्टीच्या दिवशी जेवायला असायची, आईचं ब्लडप्रेशर बघायची, थोरल्याच्या बोटात घुसलेली लाकडाची कूस चिमट्यानं काढायची. 'मधलीची मैत्रीण.' मग तिच्या घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं, ती नाही म्हणू शकली नाही, आणि गेली. त्या आठवड्यात मधली रंध्याच्या मशीनमागे उभी राहून रडायची. मशीन चालू ठेवून, आवाज जाऊ नये म्हणून. सगळ्यांना ऐकू येत होतं. नवरा मेला असता तर अख्खी गल्ली लोटली असती. पण जे होतं असंच कधी कबूल केलं नाही, ते गेल्याच्या समाचाराला कोण येणार? वहिनी तिच्यापुढे चहाचा कप ठेवायची आणि पाठ फिरवून निघून यायची. एवढंच केलं आपण, हे तिला त्यानंतर कित्येक रात्री टोचत राहिलं.

तीन वर्षं तशीच गेली. मग लांबच्या एका बंदराच्या शहरातून नाट्यगृहाच्या जिन्याचं काम आलं. सात महिन्यांचं. मधली एकटीच गेली. रोज दुपारी ती वहिनीला फोन करायची. आधी दोन मिनिटं, 'जेवलीस का, आईचं कसं आहे,' बस्स. दुसऱ्या महिन्यात एकदा म्हणाली, "इथली फरशीवाली फार उद्धट आहे, वहिनी."

"का गं, काय केलं?"

"मी विचारलं, फरशी किती जाडीची येणार. म्हणाली, तीन बोटं. दुसऱ्या दिवशी मी परत मोजायला गेले. तिसऱ्या दिवशी परत. तर म्हणते, 'बाई, माझ्या फरशीला ताप आलाय का? रोज काय बघायला येता?'"

जिना आधी बसतो आणि फरशी मागाहून येते. त्यामुळे जिनेवाल्याला फरशीची जाडी आधी ठाऊक लागते. नाहीतर सगळ्यात खालची पायरी तेवढी बाकीच्यांपेक्षा उथळ नाहीतर खोल होते. कुठल्याही कामावर पाऊल टाकलं की मधलीचा पहिला प्रश्न हाच असायचा. पण त्या दिवशी वहिनीचं लक्ष फरशीकडे नव्हतं. फोनवर मधली हसत होती. तीन वर्षांनी. वहिनी पॉलिशचं फडकं हातात तसंच धरून भिंतीला टेकली आणि ऐकत राहिली.

मग रोजच काहीतरी निघायला लागलं. "आज ती माझ्या चौथ्या पायरीवर बसून डबा खात होती. मी म्हटलं, अजून पॉलिश व्हायचंय. म्हणाली, 'म्हणूनच तर बसले. पॉलिश झाल्यावर तुम्ही बसू द्याल होय?'" हळूहळू 'फरशीवाली म्हणाली' हे गेलं आणि नुसतं 'ती म्हणाली' उरलं. ती कोण, हे वहिनीनं विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. मधलीच्या तोंडी आता दुसरं कुणी नसायचंच.

आणि मग तो फोन आला.

"वहिनी, कोपऱ्यातली एक फरशी तिनं बारा दिवस बसवलीच नाही. मुकादम रोज शिव्या घालत होता. शेवटी मी विचारलं, ही का राहिलीय? तर खाली मान घालून म्हणाली, 'ती बसली की माझं इथलं काम संपलं. मग तुमच्याकडे यायला निमित्त कुठून आणू?'"

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, निमित्त कशाला लागतं."

वहिनीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. तिला हेवा वाटला, आणि त्याची लाज वाटली नाही. आपल्यासाठी जन्मात कुणी एक फरशी अडवून धरलेली नव्हती. पण हेव्याच्या वर एक मोठं काहीतरी होतं. एकदा एवढं पोळलेलं माणूस पुन्हा हात पुढे करतं, तेही बेचाळिसाव्या वर्षी, परक्या शहरात, सिमेंटनं माखलेल्या हातात. असली छाती घरातल्या एकाही पुरुषाजवळ तिनं पाहिली नव्हती.

त्या दोघी आता फाटकातून वर आल्या. बाई ठेंगणी, रुंद खांद्यांची; आखूड कापलेले केस निम्मे पांढरे. माणसांच्या आधी तिची नजर उंबरठ्याकडे गेली, मग तिनं हात जोडले.

"मी फरशी बसवते," ती वहिनीला म्हणाली. दुसरी काही ओळख दिली नाही. "तुम्ही कठडेवाल्या वहिनी."

"कशावरून ओळखलंत?"

"नखांवरून. पॉलिशनं तपकिरी झालीत, असं हिनं सांगितलं होतं. आणि म्हणाली होती की घरात एकच माणूस हिचा फोन मधेच ठेवत नाही."

 वहिनीनं मधलीच्या खांद्यावरची एक पिशवी घेतली.

"मधले, चल आत," थोरला म्हणाला. "आई वर जायच्या तयारीत आहे. पाहुण्यांना इथं खुर्ची देऊ बाहेर."

"ही आत येईल, दादा."

"उतरवणीला घरचीच माणसं असतात. तुला मी सांगायचं का हे?"

"घरचीच आहे म्हणून तर आणली."

"कुणी ठरवलं?"

"मी. मी घरची आहे ना? का तेही तूच ठरवणार?"

आवाज ऐकून धाकटा आतून आला. हा घरातला सगळ्यात लहान भाऊ, मशीनवरचा गडी, अंगानं भला दांडगा आणि छातीनं चिमणीएवढा. मधलीनं त्याच्याकडे पाहिलं.

"सांग रे याला. काल फोनवर काय म्हणाला होतास?"

"मी…" धाकट्यानं मानेवर हात फिरवला. "मी म्हणतो, आजच्या दिवस जरा सबुरीनं घेतलं तर—"

"काल तर म्हणालास, ताई तू बिनधास्त ये, मी आहे."

"काल माझं जेवण झालं होतं गं. उपाशीपोटी मला दादाची भीती वाटते."

फरशीवाली खुदकन हसली. थोरला सोडून सगळ्यांच्याच चेहऱ्यावर काहीतरी हललं. तेवढ्यात आई दारात आली. पांढरे केस घट्ट बांधलेले, पाय अनवाणी. उतरवणीला ती पायात काही घालत नसे.

"काय चाललंय?"

"मी हिला घेऊन आलेय, आई."

आईनं फरशीवालीकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत नाही; सरळ डोळ्यांत. ती बाईही डोळे न चुकवता उभी राहिली.

"जिना होऊ दे," आई म्हणाली. "मग बोलू."

"जिना झाला की म्हणशील जेवण होऊ दे. जेवण झालं की म्हणशील पाहुणे गेलेत ना, मग आता कशाला. नर्स होती तेव्हा सहा वर्षं असंच होऊ दे, होऊ दे केलंत तुम्ही सगळ्यांनी. मीसुद्धा केलं. त्यात ती गेली."

हे त्या घरात पहिल्यांदाच मोठ्यानं बोललं गेलं. धाकटा बुटांकडे बघू लागला. थोरल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आईचा हात दाराच्या चौकटीवर होता, तो तिथंच राहिला.

"मग काय करायचं म्हणतेस?"

"ही आत नाही, तर मीही नाही. दुपारी परतीची गाडी आहे. तिकडे काम आहे, राहायला खोली आहे, माझं काही अडणार नाही. धमकी देत नाहीये, आई. तिकडे मी सुखात राहीन." मधलीचा आवाज इथं जरासा फाटला, आणि तिनं तो फाटू दिला. "पण मला हे घर हवंय. कारखाना हवाय. तू हवी आहेस, हा दगडसुद्धा हवाय." तिनं थोरल्याकडे हात केला. "फक्त हिला बाहेर ठेवून नको. एका बाईला बाहेर ठेवून मी एकदा जगून बघितलंय."

वहिनीनं ओठ दाबले. बावीस वर्षं मनात उत्तरं देणारी ती, आणि ही बघा, भर दारात, दिवसाउजेडी, मागायचं ते तोंडानं मागत होती.

आईनं चौकटीवरचा हात काढला.

"बाहेर थांबा दोघी," ती म्हणाली आणि आत वळली.

थोरला तिच्यामागे गेला. धाकटा गेला. वहिनीचे पायही सवयीनं आत गेले, आणि उंबरठा ओलांडल्यावर तिला कळलं की आपण कुठं चाललो आहोत. तिनं मागे वळून पाहिलं. जन्मापासून प्रत्येक उतरवणीला आत उभी असलेली मधली पहिल्यांदा बाहेर होती. फरशीवालीनं तिचा हात धरला होता. लपवून नाही, मिरवूनही नाही. गर्दीत आपल्या माणसाचा धरतात तसा.

दालनात नव्या लाकडाचा वास भरला होता. अर्ध्या वळणाचा तो चौतीस पायऱ्यांचा जिना खरोखर देखणा होता. थोरल्याच्या हातात कला होती, ते कुणी नाकारत नव्हतं. खाली नवी फरशी दोनच दिवसांपूर्वी बसली होती आणि तिच्यावर ओरखडे येऊ नयेत म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत पुठ्ठे अंथरले होते. आई कठडा धरून वर गेली. वरच्या टोकाला वळली, हात सोडले, डोळे मिटले.

आता कुणी बोलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही.

एक. दोन. आईचा पाय जिन्याशी ओळख करून घेत होता. तिसरीपासून तो चालायला लागला. आईला उतरताना बघणं ही वहिनीच्या आयुष्यातली एक न सांगितलेली चैन होती. म्हातारी ताठ, हात बाजूला सोडलेले, हनुवटी जराशी वर, आणि पाय डोळस माणसाच्या पायांइतके निर्धास्त. दहा. अठरा. वळण आलं, वळणावरच्या निमुळत्या पायऱ्यांवर कसलेले सुतारही डगमगतात. आई वळली आणि पुढं आली. सव्वीस. एकोणतीस. थोरल्यानं श्वास सोडला. एकतीस. बत्तीस.

"थांबा!"

आवाज दारातून आला. घोगरा, मोठा. आईचं पाऊल अधांतरी थबकलं आणि मागे, होतं त्याच पायरीवर, टेकलं. डोळे तसेच मिटलेले.

"अक्कल आहे का?" थोरला दाराकडे वळून ओरडला. "चालू उतरवणीत बोलतात? म्हणून मी म्हणत होतो, बाहेरच्या माणसांना—"

"तू गप्प," आई म्हणाली. "कोण बोललं?"

"मी," फरशीवाली म्हणाली. ती उंबरठ्याशी गुडघ्यांवर बसली होती. तिथला पुठ्ठा सरकून नव्या फरशीची कड उघडी पडली होती, आणि तिनं बोट त्या कडेला लावलं होतं. "ही पातळ फरशी आहे. शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच दिसतेय, म्हणजे जिना जाड दगडाच्या हिशेबानं उभा केलाय. शेवटचं पाऊल खोल जाईल तुमचं."

"किती?"

"दोन बोटं."

 आईनं डोळे उघडले नाहीत. ती तेहतिसावी उतरली, चौतिसावीवर आली, आणि तिथून एक पाय हळूहळू खाली सोडला. नेहमीच्या उंचीला पाय पोचला. खाली काही नव्हतं. अजून खाली. अजून. मग तळवा टेकला.

"दोन नाही," आई म्हणाली. "दोनाला थोडं जास्त." आणि तिनं डोळे उघडले.

थोरला पुठ्ठे ओढून बाजूला फेकत होता. त्यानं टेप लावली, पाहिलं, पुन्हा लावली. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. निर्धास्त पावलानं आई त्या शेवटच्या पायरीवरून आली असती तर बहात्तराव्या वर्षी खुब्याचं हाड मोडून घेऊन आडवी झाली असती, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"मला त्यांनी दगडी फरशी म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला.

"कधी?" मधलीनं दारातूनच विचारलं.

"पाच महिने झाले."

"नंतर परत विचारलंस?"

थोरल्यानं विचारलं नव्हतं. वाचनालयवाल्यांनी मधे फरशी बदलली होती आणि कुणी विचारलं नाही म्हणून सांगितली नव्हती. विचारायचं काम मधलीचं होतं. ती सात महिने नव्हती, आणि तिच्या जागी कुणी विचारावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. कारण ती हे काम करते, हेच कुणी कधी ध्यानात घेतलं नव्हतं. घर चालतं ते अशा न दिसणाऱ्या कामांवर, आणि ती करणारी माणसं दिसतात फक्त ती नसतात तेव्हा.

थोरला उठला. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं घसा खाकरला.

"या आत," तो फरशीवालीला म्हणाला. "आज तुमच्यामुळे… तुम्ही नसतात तर… या. आत या."

ती उठायला लागली. मधलीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब. का, दादा?"

"का म्हणजे? बोलावतोय ना आता? तुला हेच हवं होतं ना?"

"नाही. तिनं चूक पकडली म्हणून आत. मग उद्या तिची चूक झाली की बाहेर? तुझी आज झालीय. केवढी झालीय बघ. तू निघतोस का बाहेर?"

"शब्दांत पकडू नकोस मला."

"पकडत नाही. विचारतेय. ही कामाची आहे म्हणून आत येणार नाही. ही माझी आहे म्हणून येईल. तेवढं बोल, नाहीतर आम्ही निघालो."

थोरल्यानं आईकडे पाहिलं. आई खालच्या पायरीवर बसली होती आणि कुणाकडेच पाहत नव्हती. आणि त्या क्षणी वहिनी चालायला लागली. दालन ओलांडून, पुठ्ठ्यांवरून, सरळ दारातून बाहेर. फरशीवालीच्या शेजारी जाऊन ती उभी राहिली.

"तू कुठं चाललीस?" थोरला म्हणाला.

"माझ्या जुन्या जागेवर. तीन वर्षं मी इथंच उभी होते, आठवतंय का? मुलगी झाली तेव्हा आत घेतलंत. अहो, पॉलिश तर मी पहिल्या दिवसापासून करत होते. काय करून दाखवलं की बाई घरची होते, ते एकदा भिंतीवर लिहून तरी ठेवा. म्हणजे बाहेर उभ्या असलेल्यांना वाचता येईल."

  फरशीवालीनं बाजूला सरकून तिला उंबरठ्याजवळ जागा दिली.

धाकट्यानं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि तोही निघाला.

"तू का?" थोरला ओरडला.

"आत तू आणि आई दोघंच उरताय, दादा. मला वाचवणार कोण?"

आईला हसू आलं. नको असताना आलं, आणि मग थांबेना. तिनं तोंडावर हात धरला. हात काढला तेव्हा ती हसत नव्हती.

"मला पटलेलं नाही हे," ती मधलीला म्हणाली. "खोटं कशाला बोलू? उद्या पटेल का, तेही ठाऊक नाही. माझं डोकं म्हातारं आहे. पण ती नर्स गेली तेव्हा तू मशीनमागे रडत होतीस आणि मी जिन्यामागे उभी राहून ऐकत होते. चार दिवस. माझी पोर रडतेय आणि मी चोरासारखी ऐकतेय. बाहेर कळलं तर काय, म्हणून." ती थांबली. "ज्या आईला पोरीपाशी जायला धीर झाला नाही, ती कसली उतरतेय डोळे मिटून. कसलं कौतुक तिचं."

"आई—"

"बोलू दे. तुला पुन्हा तशी ऐकायची माझ्यात ताकद नाही. मला पटेपर्यंत तुम्हाला बाहेर ठेवायचं म्हटलं, तर मी मरेपर्यंत तुम्ही बाहेरच राहाल." मग ती फरशीवालीकडे वळली. "ये आत. जिना वाचवलास म्हणून नाही. जिना गेला खड्ड्यात. हिची आहेस म्हणून ये."

इतका वेळ न डगमगलेली ती बाई आता गडबडली. तिनं तळवे कपड्यांना पुसले. उंबरठ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे.

"आधी तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या आधीपासून उभ्या आहात."

वहिनीनं मानेनं नकार दिला आणि तिचा कोपर धरला. तिघी एकदमच आत आल्या; दार रुंद होतं, कुणाला आक्रसावं लागलं नाही. मागून धाकटाही आला. मधली जाऊन आईच्या पायरीवर बसली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिथं कसा ठेवायचा हे विसरून गेल्यासारखा, जरा अवघडून, पण ठेवला.

उरला थोरला. तो कुणाकडे न बघता पुन्हा गुडघ्यांवर बसला आणि शेवटची पायरी मोजू लागला. टेपचं टोक सुटून परत येत होतं. फरशीवाली त्याच्याजवळ गेली. मांडीवर हात दाबून, एका गुडघ्यानंतर दुसरा, कण्हत, खाली बसली.

"ही सगळी उचलावी लागेल," थोरला फरशीला म्हणाला.

"उचलायची. खाली जाड थर द्यायचा आणि हीच परत बसवायची. चार दिवस लागतील. जिन्याला हात लावायचं कारण नाही. फार सुंदर झालाय तो."

थोरल्याला हे अपेक्षित नव्हतं. त्यानं टेपवरचा नसलेला भुसा झटकला.

"तुमचं माप चुकलं तर मी बोलणार हां," तो म्हणाला. "माझा स्वभाव नाही गप्प बसायचा. सगळ्यांदेखत बोलणार."

"बोला की. मीही बोलेन," ती म्हणाली. "फक्त बाहेर काढू नका."

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिली. बावीस वर्षांत तिनं त्याला माफी मागताना पाहिलं नव्हतं, आणि आजही तो मागणार नव्हता. तो नुसताच त्या पायरीकडे बघत होता, जिथं आईचा पाय हवेत शोधत खाली गेला होता. मग त्यानं टेपचं टोक फरशीवालीपुढं केलं.

"धर," तो म्हणाला. "नीट धर. सोडू नकोस."